लिबरऑफिसमध्ये नवी सोय हवी असेल तर

आम्ही बसवून दिलेलं लिबरऑफिस हे पत्रं, तक्ते, हिशेब करण्याचं सॉफ्टवेअर वापरताना 'एवढं एक असतं तर' असं वाटलं, की आम्हाला जरूर फोन करा. मात्र हे सॉफ्टवेअर आमचं नाही, कुणा कंपनीचंही नाही. 2010 मध्ये ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेला हा प्रकल्प 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही बर्लिनमधली ना-नफा संस्था सांभाळते. मागणी तिथल्या 'बगझिला'वर, म्हणजे तक्रारी-मागण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवायची असते. ती हाती घेण्याचं बंधन कुणावरच नसतं.

आधी ती सोय खरोखरच नाही ना, हे पाहू. कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या हिशेबाच्या तक्त्यात, 12,34,567 असे लाखाचे स्वल्पविराम येत नाहीत, ही नेहमीची तक्रार. फॉरमॅट सेल्समध्ये भाषा 'इंग्रजी (भारत)' निवडून हजारांचं विभाजन चालू केलं, की ते येतात. तसंच, मागणी आधीच कुणी नोंदवली असेल तर दुसरी नोंद करू नये. 'मलाही हवं' एवढंच लिहिण्यातही अर्थ नाही. लिहायचं तर आपल्या कामातलं नवं काही लिहावं.

'एक्सेलसारखं करा' या मागणीचं कुणीच काही करू शकत नाही. उलट, "खतावणी छापताना दर पानाच्या तळाशी त्या पानापर्यंतची बेरीज आणि पुढच्या पानावर 'मागील पानावरून' हा आकडा आपोआप यावा, आज तो हाताने भरावा लागतो" असं सांगितलंत, तर जर्मनीतल्या डेव्हलपरलाही अडचण कळते. एका नोंदीत एकच मागणी. सोबत 'लिबरऑफिसविषयी' या खिडकीतली आवृत्तीची माहिती पाठवा.

नमुना फाइलबाबत मात्र आम्ही कडक आहोत. बगझिलावर जोडलेली फाइल जगात कुणीही उघडू शकतो. सभासदांची खरी नावं, खाते क्रमांक किंवा पगाराचे आकडे असलेली फाइल आम्ही पुढे पाठवणार नाही. खोटी नावं घालून दोन-तीन पानं करून द्या.

नोंद आम्ही इंग्रजीत करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. तिथून 'नीडइन्फो' आलं, म्हणजे जास्त माहिती मागितली, तर तुम्हाला कळवू. उत्तर लांबवू नका. महिनोन्महिने उत्तर गेलं नाही तर नोंद बंद होते. निकडच असेल तर प्रमाणित डेव्हलपरकडून पैसे मोजून काम करून घेता येतं.

मेनूतला एखादा मराठी शब्द खटकत असेल तर तो 'वेबलेट' या भाषांतराच्या वेबसाइटवर सुचवता येतो. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.