‘स्पॅम’ म्हणजे नेमके काय?

नको असताना पुन्हापुन्हा येऊन आदळणाऱ्या जाहिरातींना आज जगभर ‘स्पॅम’ म्हणतात. पण अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये हा शब्द बाजारात आणला तो डबाबंद मांसाचे नाव म्हणून. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना ते खाऊन खाऊन वीट आला. १९७० मध्ये ब्रिटनमधील ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूने दूरचित्रवाणीवर एक प्रसंग सादर केला. त्यातील उपाहारगृहात जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्या नावाच्या घोषात बाकीचे बोलणे बुडून जाते.

शब्दाचा पुढचा अर्थ या बुडून जाण्यातूनच निघाला. संगणकावरील सामूहिक खेळांत कोणी एकच मजकूर इतक्या वेळा टाकी की इतरांचे बोलणे पडद्यावरून सरकून नाहीसे होई. या उपद्रवाला स्पॅम म्हणू लागले. त्यात विक्रीचा संबंध नव्हता. जाहिरातीचा अर्थ रूढ झाला तो एप्रिल १९९४ मध्ये, अमेरिकेतील दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीसंबंधीची आपली जाहिरात यूजनेट या संगणकांवरून चालणाऱ्या चर्चाजाळ्यातील हजारो चर्चागटांत टाकली तेव्हा. मे १९७८ मध्ये इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या संगणकजाळ्यावर सुमारे ४०० जणांना गेलेली एका संगणक कंपनीची जाहिरात आज पहिले स्पॅम मानली जाते, पण ते नाव तिला मागाहून मिळाले.

माणसाला जो अर्थ उमगतो, तो यंत्राला मोजावा लागतो. बेझच्या प्रमेयावर, म्हणजे नव्या पुराव्यानुसार शक्यता बदलण्याच्या गणिती नियमावर, चालणारी ईमेलची गाळणी आधी स्पॅम आणि हवी असलेली अशी निवडून ठेवलेल्या पत्रांवरून शिकते: एखादा शब्द स्पॅममध्ये किती वेळा आढळतो आणि हव्या असलेल्या पत्रांत किती वेळा, याच्या तुलनेतून त्या शब्दाला वजन मिळते. ‘मोफत’ हा शब्द मित्राच्या पत्रातही येऊ शकतो, म्हणून एकट्या शब्दावर निवाडा होत नाही. अनेक शब्दांची वजने एकत्र करून संभाव्यता काढली जाते. हव्या असलेल्या पत्रांना या क्षेत्रात ‘हॅम’ (मूळ अर्थ डुकराच्या मांडीचे मांस) म्हणतात. म्हणजे मांसाशी असलेले नाते तिथेही सुटलेले नाही.

माझ्या मते खरी अडचण संमतीची आहे. तेच पत्र एकाने मागवलेले असते आणि दुसऱ्यावर लादलेले असते. हा फरक मजकुरात कुठेच दिसत नाही. म्हणून पाठवणाऱ्याचा पूर्वेतिहास आणि वाचकांनी नोंदवलेल्या तक्रारी यांचाही विचार केला जातो. मात्र स्वतःच मागवलेले वार्तापत्र कंटाळा आल्यावर बंद करण्याऐवजी अनेक जण ‘स्पॅम’चे बटण दाबतात, आणि अशा प्रत्येक नोंदीबरोबर यंत्राच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ ‘न मागता आलेले’ यापासून ‘आता नकोसे झालेले’ याकडे थोडा सरकतो.