मुका मार लागला आणि ताप आला, तर

बडोद्यातल्या मराठी घरांना आखाडा काही नवा नाही. प्रो. माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात खेळताना लागलं की तेल चोळायचं, शेकायचं, पट्टी बांधायची, ही रीतच आहे. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण लागलेल्या मुलाला ताप चढला, तर तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा. नुसतं मुरगळल्याने अंगात ताप भरत नाही. अशा वेळी हाडातच जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते, तिथूनच हाड लांबीला वाढतं. तिच्या लगत बारीक रक्तवाहिन्या हेअरपिनसारख्या वळून माघारी फिरतात आणि रक्त संथ होतं. खरचटलेल्या कोपरातून, चिघळलेल्या फोडातून, कधी काहीच जखम दिसत नसताना रक्तात शिरलेले जंतू इथे तळ ठोकतात. बहुतेकदा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो, जो एरवी कित्येकांच्या नाकात निमूट राहतो. त्याच जागी आधी मार बसला असेल तर संसर्ग सहज धरतो, असं सशांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मुलींपेक्षा मुलग्यांत हा आजार साधारण दुप्पट आढळतो.

हाड कठीण, ते फुगणार कुठे? पू आतच कोंडतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तो भाग मरतो. मेलेल्या हाडात मग औषधही नीट पोचत नाही. म्हणून इथे एकेक दिवस मोलाचा.

गुडघ्याजवळ दुखत असेल, तर गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडावर एका बोटाने हलकेच दाबून पाहा. मूल कळवळून पाय ओढून घेत असेल, पाय टेकायला तयार नसेल आणि ताप असेल, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिले दहा-बारा दिवस त्यात बहुधा हाडातला बदल दिसतच नाही. एमआरआयमध्ये तो लवकर कळतो. रक्तात सीआरपी, म्हणजे अंगात दाह असला की वाढणारं प्रथिन तपासतात, आणि कल्चर लावतात, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखतात. मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिक आधीच पोटात गेली असेल, तर कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं.

सुरुवातीचे काही दिवस शिरेतून औषध, मग गोळ्या, असे साधारण तीन ते सहा आठवडे जातात. पू साठला असेल तर ऑपरेशन करून काढावा लागतो. चार दिवसांत ताप उतरतो, मूल हसू-खेळू लागतं, सर स्पर्धेचं विचारतात आणि गोळ्या मध्येच सुटतात. तसं होऊ देऊ नका. वाढीच्या पट्टीला धक्का पोचला असेल तर पाय आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढू शकतो, आणि ते महिन्यांनी लक्षात येतं. त्यामुळे मूल मैदानात परतल्यावरही डॉक्टर अधूनमधून बोलावून दोन्ही पायांची लांबी मोजतात. त्या तारखा चुकवू नका.