शुगरचे तीन आकडे तीन वेगळे का येतात, त्यामागची गोष्ट

गेल्या महिन्यात सांगलीत आईचे रिपोर्ट आले. उपाशीपोटी शुगर १३२, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८.१ टक्के, आणि त्याच सकाळी घरच्या मशीनवर १४५ दाखवलेलं. आई म्हणाली, अरे लॅबवाल्यानं दुसऱ्याचंच रक्त तपासलंय बघ. तसं काही नव्हतं, तिन्ही आकडे बरोबरच होते, फक्त ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

आपल्याकडं जुन्या वैद्यांना मधुमेह कळायचा तो लघवीला मुंग्या लागतात यावरनं. इंग्लंडात १७७६ ला मॅथ्यू डॉब्सननं दाखवलं की ही साखर लघवीत आहेच पण रक्तातही आहे, तरी पुढं कितीतरी वर्षं रोज तपासायची सोय लघवीचीच होती. आमच्या आजोबांचं मला अजून आठवतं, परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, स्टोव्हवर उकळायचं, निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं, नारंगी करत विटकरी लाल झालं की आजोबा दिवसभर गप्प. पण यात मोठी खोट होती. साधारणपणे रक्तातली साखर १८० च्या वर गेली तरच किडनी ती लघवीत सोडते, म्हणजे १७० असलं तरी नळी निळीच, आणि साखर ४५ वर उतरून घाम फुटला असला तरीही निळीच! शिवाय ती लघवी आधीच्या काही तासांत साठलेली, त्यामुळं आत्ता काय चाललंय ते कळायचंच नाही.

रक्ताच्या थेंबाची पट्टी १९६५ ला आली, डेक्स्ट्रोस्टिक्स. थेंब टाकायचा, एक मिनिट थांबायचं, पाण्यानं धुवायची आणि रंग जुळवायचा. १९७० च्या सुमाराला तो रंग वाचणारं मशीन आलं, किलोभराच्या वर वजनाचं, आणि ते फक्त डॉक्टरांना विकायचे. रिचर्ड बर्नस्टीन म्हणून एक इंजिनिअर होते, लहानपणापासून डायबेटिस, त्यांची बायको डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर त्यांनी ते मागवलं आणि दिवसातनं अनेकदा स्वतःची साखर मोजायला लागले, आणि पुढं चाळिशी ओलांडल्यावर स्वतःच डॉक्टर झाले. पेशंटनं घरी बसून साखर बघायची ही गोष्ट तेव्हा सहज मान्य झाली नव्हती, आज आपण खिशात मशीन घेऊन लग्नाला जातो ते अशा लोकांमुळं, मला याचं फार मोल वाटतं. पण मशीनला १५ टक्के इकडंतिकडं चालतं असं मानकच आहे, म्हणून १३२ आणि १४५ यात भांडण नाही. जेवल्यावर तर बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर जास्तच दिसते.

आता एचबीएवनसी, म्हणजे आपली 'तीन महिन्यांची'. १९६८ ला तेहरानमध्ये सॅम्युअल राहबर यांना डायबेटिसच्या पेशंटच्या हिमोग्लोबिनमध्ये काहीतरी वेगळं दिसलं. रक्तातली साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळं तेवढ्या दिवसांचा हिशोब तिच्यात राहतो, त्यातही शेवटच्या महिन्याचं वजन जास्त. १९९३ ला अमेरिकेतला डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास आला, १,४४१ टाइप वन (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो प्रकार) पेशंट, ज्यांची एवनसी सातच्या आसपास ठेवली त्यांच्या डोळ्यांचं, किडनीचं, नसांचं नुकसान खूप कमी झालं, तेव्हापासनं या आकड्याला वजन आलं. १९९८ ला ब्रिटनच्या अभ्यासानं टाइप टूसाठीही (बहुतेकांना असतो तो प्रकार) तेच दाखवलं. डायबेटिस आहे का नाही हे ठरवायला ६.५ ही रेघ मात्र अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१० ला धरली. एक सांगतो, घरातल्या बायकांचं लोह कमी असेल तर एवनसी खोटी वर जाऊ शकते, रक्तस्राव झाला किंवा रक्त चढवलं तर खाली, म्हणून हिमोग्लोबिन विचारल्याशिवाय तो आकडा वाचू नये.

(लंडनचा पुतण्या फोनवर "माझी शुगर ९ आली" म्हणाला तेव्हा आई घाबरलीच, पण ती एवनसी नव्हे, रक्तातली साखरच, तिकडं एकक वेगळं, मिलीमोल, आपल्या मिलिग्रॅममध्ये आणायला १८ नं गुणायचं, म्हणजे १६२.)

८.१ एवनसीची सरासरी निघते साधारण १८६. मग सकाळी १३२ आणि सरासरी १८६, तर मधलं कुठं गेलं? डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर जेवणानंतर दोन तासांनी बघा, आणि दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नाही. सकाळचा आणि दुपारचा आकडा बरा होता. रात्री भात-आमटी झाल्यावर मशीनवर आलं २३८.