पंचगंगेच्या पाच पायऱ्या आणि आंशिक क्रिया

पावसाळ्यात पंचगंगा घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. समजा, आज ५ पायऱ्या उघड्या आहेत, त्यांना खालून १ ते ५ असे क्रमांक दिले आहेत आणि उभे राहायचे ते त्यांच्यावरच. अशा वेळी ‘३ पायऱ्या वर’ हे पाऊल पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच्या माणसालाच टाकता येते. इतरांसाठी त्याला अर्थच उरत नाही.

‘इतक्या पायऱ्या वर’ किंवा ‘इतक्या खाली’ ही प्रत्येक हालचाल म्हणजे एक धन किंवा ऋण पूर्णांक. पूर्णांकांचा गट, म्हणजे ग्रुप (ज्याचे घटक एकमेकांशी जोडता येतात आणि प्रत्येकाला उलट घटक असतो असा संच), पायऱ्यांवर असा अर्धवट लागू होतो, तेव्हा त्याला आंशिक क्रिया म्हणतात. तिसऱ्या पायरीवरून ३ वर जाऊन २ खाली येता येत नाही, पण थेट १ वर जाता येते. म्हणून दोन हालचाली लागोपाठ जमल्या, तर त्यांची बेरीजही जमते आणि तिथेच पोहोचवते, एवढेच बंधन घालतात; उलट बाजूची अपेक्षा ठेवत नाहीत. ब्राझीलचे गणिती रुय एक्सेल यांनी १९९४ मध्ये पूर्णांकांच्या गटासाठी ही कल्पना मांडली आणि केविन मॅकक्लानाहन यांनी १९९५ मध्ये ती कोणत्याही विविक्त गटापर्यंत, म्हणजे ज्याचे घटक एकमेकांपासून सुटे मानले जातात अशा गटापर्यंत, नेली.

आता या हालचालींपासून अल्जिब्रा, म्हणजे बेरीज आणि गुणाकार करता येईल अशी रचना, उभी करू. तिचे प्रत्येक पद म्हणजे एक हालचाल आणि ती जिथे पोहोचवू शकते त्या पायऱ्यांवर लिहिलेल्या संख्या. जागेवर थांबण्यासाठी ५ संख्या लागतात, १ वर किंवा १ खाली जाण्यासाठी प्रत्येकी ४, पुढे ३, २ आणि १. एकूण ५ + २(४ + ३ + २ + १) = २५. बारावीत मॅट्रिक्स शिकलेल्या वाचकाला येथे ओळखीची खूण पटेल, कारण ५ × ५ मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णात ५ आणि त्याला समांतर ओळींत ४, ३, २, १ अशाच जागा असतात. हे साम्य मोजणीपुरते नाही. गुणाकारात हालचालींची बेरीज होते, शक्य तिथल्या संख्या गुणल्या जातात आणि जे हाती येते ते नेमके मॅट्रिक्सचे गुणन असते. या विषयाचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण हेच आहे. पाणी एक पायरी चढले की २५ चे १६ होतात.

पायऱ्यांच्या जागी रेषा किंवा पृष्ठभाग घेतला, तर टोपॉलॉजीचा, म्हणजे बिंदूंच्या जवळिकीचा आणि सलगतेचा, विचार करावा लागतो. तेथे प्रत्येक हालचालीचे क्षेत्र विवृत संच असावे, म्हणजे त्यातील प्रत्येक बिंदूभोवती थोडी मोकळी जागा त्यातच असावी, अशी अट असते आणि संख्यांची जागा संतत फलने घेतात.

मग प्रश्न येतो तो बुडालेल्या पायऱ्यांचा: प्रत्येक आंशिक क्रिया ही एखाद्या मोठ्या अवकाशावरील, म्हणजे बिंदूंच्या मोठ्या संचावरील, पूर्ण क्रियेचा दिसणारा तुकडा असते का? उत्तर होकारार्थी आहे. घाटासाठी दोन्ही दिशांना अनंत पायऱ्या कल्पाव्यात. मात्र तो मोठा अवकाश नेहमी सुस्वभावी असेलच असे नाही. एका रेषाखंडावर दोनच घटकांचा गट घ्या; त्याचा पहिला घटक काहीच हलवत नाही. दुसऱ्या घटकाने मध्यबिंदू वगळता सर्व बिंदू जागच्या जागी ठेवावेत. मध्यबिंदूवर तो लागूच होत नाही. या क्रियेचा पूर्ण अवकाश म्हणजे दोन मध्यबिंदू असलेली रेषा, आणि त्या दोघांभोवती कितीही लहान परिसर आखले तरी ते एकमेकांत मिसळतातच.