घटते फलन आणि अवकलजाची कसोटी

एखाद्या अंतरालातील (म्हणजे संख्यारेषेच्या सलग तुकड्यातील) क < ख अशा कोणत्याही दोन संख्या घेतल्या असता फ(क) > फ(ख) असेल, तर फ हे फलन त्या अंतरालात घटते आहे असे म्हणतात. त्याचा आलेख डावीकडून उजवीकडे उतरत जातो. संख्यांच्या जोड्या अगणित असल्याने त्या एकेक तपासता येत नाहीत. म्हणून अवकलजाचा, म्हणजे आलेखाच्या त्या त्या बिंदूवरील स्पर्शरेषेच्या चढाचा, आधार घेतात: अंतरालातील प्रत्येक बिंदूवर अवकलज ऋण असेल, तर फलन तेथे घटते असते.

या कसोटीच्या मुळाशी मध्यमान प्रमेय आहे. आलेखावरील दोन बिंदू जोडणाऱ्या जीवेचा चढ त्यांच्या दरम्यानच्या निदान एका बिंदूवरील स्पर्शरेषेच्या चढाइतका असतो. सर्व स्पर्शरेषांचे चढ ऋण असल्यास कोणत्याही जीवेचा चढ धन किंवा शून्य असू शकत नाही. अवकलजाचे चिन्ह आणि फलनाचे वाढणे-घटणे यांचा संबंध कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत सीमेच्या संकल्पनेवर उभा केला.

उदाहरणार्थ, क्ष³ − ३क्ष या फलनाचा अवकलज ३(क्ष² − १) आहे. तो −१ व १ या बिंदूंवर शून्य होतो आणि त्यांच्या दरम्यान ऋण असतो. तेवढ्याच भागात आलेख २ या उंचीवरून −२ पर्यंत उतरतो.

कसोटीतील ‘अंतराल’ हा शब्द विद्यार्थी बहुधा दुर्लक्षितात आणि नेमके तेथेच चुकतात. १/क्ष या फलनाचा अवकलज −१/क्ष² असून, फलन जेथे जेथे व्याख्यात आहे तेथे तो ऋणच असतो. तरीही −१ पाशी मूल्य −१ आणि १ पाशी मूल्य १, म्हणजे ते वाढलेलेच दिसते. शून्यापाशी प्रांत तुटलेला असल्याने हे फलन शून्याच्या डावीकडे घटते आणि उजवीकडेही घटते, पण दोन्ही भाग मिळून घटते नाही. त्याचप्रमाणे एकाच बिंदूवर अवकलज ऋण असणे पुरेसे नसते: त्या बिंदूलगत अवकलज सतत चिन्ह बदलत राहील अशी फलने रचता येतात, आणि ती त्या बिंदूभोवतीच्या कोणत्याही अंतरालात, ते कितीही लहान घेतले तरी, घटती नसतात.

कसोटीचा व्यत्यास, म्हणजे घटत्या फलनाचा अवकलज प्रत्येक बिंदूवर ऋणच असतो हे उलट विधान, मात्र खरा नाही. −क्ष³ हे फलन सर्वत्र घटते आहे, तरी क्ष = ० येथे त्याचा अवकलज शून्य आहे; आलेख तेथे क्षणभर आडवा होतो, एवढेच.