सर एली कदूरी हायस्कूल (मुंबई)

मुंबईतील माझगावची ज्यू समाजाने काढलेली शाळा. स्थापना १८७५, मूळ नाव 'इझ्रायलाइट स्कूल'. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने आपल्या मुलांसाठी ही शाळा उभी केली.

बेने इस्रायलांची घरची भाषा मराठी. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात ते 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. दिवेकर, राजपूरकर, केहिमकर ही त्यांची आडनावेही गावांवरून पडलेली. अठराव्या शतकापासून ही कुटुंबे मुंबईत येऊन मांडवी, डोंगरी, उमरखाडी भागात राहू लागली. १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मांडवीत पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधले. समाजात ते 'जुनी मशीद' म्हणून प्रसिद्ध आहे.

प्रार्थनास्थळ झाले, पण प्रार्थनेची भाषा हिब्रू, ती फार थोड्यांना कळत असे. ही उणीव आधी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हेरली. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, आणि मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकू लागली. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी मात्र शिक्षण घेतले आणि धर्म सोडला नाही. हिब्रूशी व बायबलशी त्यांचा परिचय या शाळांतून वाढला, हे मान्य करावेच लागते. तरी आपल्याच धर्मग्रंथांसाठी दुसऱ्या धर्माच्या शाळेत जावे लागणे समाजातील जाणत्यांना सलत होते.

हाईम सॅम्युएल केहिमकर हे त्यांतले अग्रणी. १८५३ मध्ये त्यांनी भावांसह शिक्षणप्रसारासाठी एक मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या प्रयत्नांतून दोन दशकांनी, १८७५ मध्ये, शाळा उघडली. इंग्रजी शिक्षणाबरोबर हिब्रू हे तिचे वैशिष्ट्य होते. त्याच सुमारास समाजाची धार्मिक पुस्तके मराठीत येत होती. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची, म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाची, सचित्र 'हग्गादा' (त्या रात्री वाचायची पोथी) मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत मराठी पेहरावातल्या स्त्रिया सणाच्या बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. अशा घरांतल्या मुलांना मूळ हिब्रू मजकूरही वाचता यावा, ही या शाळेची खरी कामगिरी.

लंडनच्या अँग्लो-ज्यूईश असोसिएशनने शाळेला मदत केली. १८९२ मध्ये तिचे हायस्कूल झाले. पुढे १९३० च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. बगदादमध्ये जन्मलेले कदूरी हाँगकाँग-शांघायचे उद्योगपती होते.

शाळेचा सर्वांत भरभराटीचा काळ रिबेका रूबेन (१८८९–१९५७) यांचा मानावा लागेल. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या; हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या मुलगी. १९२२ ते १९५० अशी २८ वर्षे त्या मुख्याध्यापिका होत्या. ज्या काळात मुलींना मॅट्रिकपर्यंत पोहोचणेही अवघड होते, त्या काळात समाजाच्या शाळेची सूत्रे दीर्घकाळ एका स्त्रीकडे होती, याची नोंद मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि पटावरील ज्यू मुले कमी होत गेली. शाळा मात्र बंद पडली नाही. आज तेथे परिसरातील इतर धर्मांची मुले मोठ्या संख्येने शिकतात.