मागील ड्रम ब्रेकचे डिस्कमध्ये रूपांतर

खडकाळ, चिखलाच्या वाटांवर चालणाऱ्या चारचाकीच्या मागच्या ॲक्सलवरचे ड्रम, ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर काढून तिथे डिस्क, कॅलिपर व पॅड बसवण्याचे काम. जुन्या जीप, लँड रोव्हर, लँड क्रूझर अशा गाड्यांवर ते बरेचदा केले जाते. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा; व्हील सिलिंडर ब्रेक शू त्याच्या आतल्या बाजूवर दाबतो. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती; कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटतो.

कारण बहुधा पाणी. ओढा ओलांडताना ड्रममध्ये पाणी शिरते आणि शू वाळेपर्यंत ब्रेक नीट धरत नाही. चिखल शिरला तर लवकर बाहेर पडत नाही. त्यातली वाळू शूवरचे लायनिंग (घर्षणाचा थर) खाते, ड्रमला आतून चरे पाडते. डिस्क उघडी असल्याने पाणी फिरतानाच उडते, उरलेले पॅड पुसून काढतात. कोरड्या रस्त्यावर मात्र थांबण्याचे अंतर फार घटेल अशी आशा धरू नये. ब्रेक दाबताच भार पुढे झुकतो आणि बरेचसे काम पुढची चाकेच करतात.

कॅलिपरचा ब्रॅकेट सहसा ड्रमच्या बॅकप्लेटच्या (शू जिच्यावर बसतात त्या प्लेटच्या) बोल्टांवरच बसतो. काही ॲक्सलांत त्या प्लेटच्या जाडीवर बेअरिंगची ढिलाई ठरते, म्हणून ब्रॅकेटची जाडी मोजल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत. कॅलिपर रिमला घासत नाही ना, हेही पाहावे लागते. फोर्ड एक्सप्लोररचा १९९५ पासून डिस्कसह आलेला ८.८ इंची (आतल्या मोठ्या गिअरचा व्यास) ॲक्सल अख्खा जीपखाली घालणे हाही रुळलेला मार्ग आहे.

खरी कसोटी ब्रेक ऑइलच्या दाबाची. फिरता ड्रम शूला स्वतःच आत ओढून घेतो. डिस्कला ही मदत नसल्याने जास्त दाब लागतो, आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने ऑइलही जास्त लागते. जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबताच ऑइल ढकलणारा) अपुरा पडला की पेडल खोल जाते. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढावाच लागतो. राहिला तर पॅड डिस्कला चिकटून तापतात. मागचा दाब जुळवता येणारा व्हॉल्व्ह लावून मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होणार नाहीत असे पाहावे. उतारावर मागची चाके आधी जाम झाली तर गाडी आडवी फिरते.

एक साधी चूक वारंवार होते. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की एअर काढायचा निपल खाली येतो, हवेचा बुडबुडा वर अडकतो आणि कितीही ऑइल ओतले तरी पेडल मऊच राहते.

हँडब्रेकचा विचार मात्र भाग विकत घेण्याआधी करावा, कारण ड्रम काढताच तोही जातो. केबलने ओढला जाणारा कॅलिपर किंवा डिस्कच्या पोटात छोटा ड्रम, हे नेहमीचे उपाय. दुसरा जास्त भरवशाचा, पण चिखल त्यातही शिरतो. जुन्या लँड रोव्हरला ही अडचण येत नाही. तिचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीमागच्या) वेगळ्या ड्रमवर असतो.